घडी होणारा लॅपटॉप घेताना: गोव्यातल्या पहिल्या खरेदीसाठी

टू-इन-वन, म्हणजे पडदा वळवला की टॅब्लेट होणारा लॅपटॉप घ्यायला गेलेल्या माणसाला काउंटरवर आधी प्रोसेसर सांगतात, मग मेमरी, मग फक्त आजच्यापुरती असलेली सवलत. मागे वळणारी बिजागरी, टचची काच आणि पेन यांच्यासाठीच तर तो साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त पैसे मोजत असतो, पण त्यांच्याकडे बिल फाडायच्या आधी जेमतेम दोन मिनिटं पाहणं होतं. पेन पुष्कळदा खोक्यात नसतंच. "पेन मागीर घेतलें तरी चलता, बाब," असं सांगून विषय मिटवला जातो आणि ते मागीर, म्हणजे 'नंतर', कधी उजाडत नाही.

माझं सांगणं असं, की क्रम उलटा धरावा. आधी काम, मग पेन, मग वजन आणि पडदा, मग मेमरी, आणि प्रोसेसर अगदी शेवटी. अशा खरेदीत पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा न वापरलेल्या घडीवर. कमी ताकदीच्या प्रोसेसरमुळे तो क्वचितच वाया जातो.

पायरी १: घडी लागणार आहे का, हे घरीच ठरवा

तोच प्रोसेसर आणि तेवढीच मेमरी असलेल्या साध्या लॅपटॉपपेक्षा घडीचा लॅपटॉप काही हजारांनी महाग पडतो. वरच्या वर्गातल्या मॉडेलांत हा फरक पंधरा-वीस हजारांपर्यंतही जातो. तो भरून निघणार का, हे कळायला मागचा महिना आठवून पाहा. कागदावर लिहून मोबाइलने फोटो काढून किती वेळा पाठवलं? पीडीएफ छापून, सही करून, परत स्कॅन करण्याची खटपट किती वेळा झाली? वाचताना समासात खूण करावीशी वाटली आणि राहून गेली, असं कितीदा झालं? आठवड्यात दोन-चारदा तरी, असं उत्तर आलं तर पुढे वाचा.

गोव्यात मला हे यंत्र खरोखर वसूल करणारी माणसं दिसतात ती अशी. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारी मुलं: सर्किट आणि समीकरणं कीबोर्डवर टाइप करत बसणं म्हणजे शिक्षाच असते. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातली मुलं, पण त्यांनी पेनाची पायरी दोनदा वाचावी. उत्तरपत्रिका आणि प्रकल्प पीडीएफमध्ये तपासणारे शिक्षक, जे वर्गात तोच पडदा प्रोजेक्टरला जोडून फळ्यासारखा वापरतात. छोटं गेस्ट हाउस चालवणारे, ज्यांना पाहुण्याकडे पडदा वळवून खोल्या दाखवायच्या आणि तिथेच सही घ्यायची असते. भजनी मंडळातले पेटीवाले हा माझा आवडता गट: टेंट मोडमध्ये, म्हणजे तंबूसारखा उलटा उभा केलेला लॅपटॉप पेटीच्या पुढ्यात नीट बसतो, कीबोर्ड मागे जातो, आणि अभंगाच्या पीडीएफचं पान बोटाने उलटता येतं. जत्रेच्या नाटकाची तालीम घेणाऱ्याला संहितेवरच काटछाट करता येते, तेही तसंच.

टॅली, पत्रव्यवहार, सिनेमे, खेळ आणि यूट्यूब एवढंच काम असेल तर सरळ साधा लॅपटॉप घ्या. त्याच रकमेत जास्त मेमरी आणि चांगला पडदा मिळेल.

मधला एक मार्गही आहे, जो दुकानात कुणी सुचवत नाही. तुमच्याकडे बरा लॅपटॉप आधीच असेल आणि फक्त लिहायची सोय हवी असेल, तर पेनासकट मिळणारा टॅब्लेट स्वस्त पडतो, हलका असतो आणि त्याची बॅटरीही जास्त टिकते. दोन वस्तू सांभाळण्याचा त्रास चालणार असेल तर तो विचार आधी करा.

पायरी २: जात ओळखा

दुकानात टू-इन-वन, थ्री-सिक्स्टी, फ्लिप, टचवाला अशी सगळी नावं सरमिसळ वापरली जातात. नुसता टच असलेला लॅपटॉप मागे वळेलच असं नाही, हे आधी बघा. खऱ्या जाती दोनच.

पहिली पूर्ण वळणारी. पडदा ३६० अंश मागे जातो आणि कीबोर्ड खालच्या बाजूला येतो. लेनोवोने २०१२ मध्ये योगा आणल्यापासून ही रचना रुळली. एचपीचे एक्स-३६० आणि आताचे ऑम्निबुक फ्लिप, डेलचे टू-इन-वन, एसरचे स्पिन, असुसचे फ्लिप हे सगळे याच जातीचे. पहिल्यांदा घेणाऱ्याने हीच जात घ्यावी. लॅपटॉप म्हणून तो साध्या लॅपटॉपसारखाच चालतो, मांडीवर घट्ट बसतो.

दुसरी सुटी होणारी. यात पडदा म्हणजेच संपूर्ण संगणक असतो आणि कीबोर्ड हे एक पातळ झाकण असतं. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो हे याचं ठळक उदाहरण. हातात धरून लिहायला यासारखं सुख नाही. पण मांडीवर, कदंबच्या बसमध्ये किंवा फेरीबोटीच्या बाकावर तो डगमगतो, कारण मागच्या टेकूला सपाट जागा लागते. शिवाय जाहिरातीतली किंमत बऱ्याचदा नुसत्या पडद्याची असते. कीबोर्ड आणि पेन धरून हिशेब केला की आकडा वेगळाच निघतो.

क्रोमबुक या दोन्ही रचनांत मिळतं आणि स्वस्त असतं. शाळेच्या मुलाला, ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्याला ते पुरतं. विंडोजचं सॉफ्टवेअर मात्र त्यावर बसत नाही, म्हणजे टॅली किंवा ऑटोकॅडचा नेहमीचा प्रोग्रॅम नाही. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर अपडेट कधीपर्यंत येणार ती तारीख बघा. गूगलने २०२१ पासूनच्या क्रोमबुक प्लॅटफॉर्मांना १० वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे, पण ती १० वर्षं प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नाही.

पायरी ३: पेन

इथे घाई करू नका.

टचच्या पडद्यावर रबरी बोंडाची शंभर-दोनशे रुपयांची स्टायलस चालते, आणि दुकानदार तीच काढून "हे बघा, चालतं की" म्हणून दाखवतात. ती फक्त बोटाची नक्कल असते. दाब कळत नाही, तळहात टेकला की त्याचाही ठिपका उमटतो, आणि बारीक अक्षर येत नाही. लिहिण्यासाठी हवं ते ॲक्टिव्ह पेन. ते पडद्याशी बोलतं, पेन जवळ आलं की पडदा तळहाताकडे दुर्लक्ष करतो, आणि दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते.

ही पेनं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. विंडोजच्या लॅपटॉपांत मुख्यतः दोन पद्धती दिसतात: मायक्रोसॉफ्टची एमपीपी आणि वॅकॉमची एईएस. क्रोमबुकमध्ये यूएसआय नावाची तिसरी. ॲपलची पेन्सिल यांतल्या कशावरही चालत नाही. सॅमसंगच्या फोनमधलं एस-पेनही या पडद्यांवर रेघ काढणार नाही. म्हणून पेन खोक्यात नसेल तर विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारा: या मॉडेलला कोणत्या पद्धतीचं पेन लागतं, कंपनीचं कोणतं पेन चालतं, आणि ते आज तुमच्याकडे आहे का? तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळांची गाडी अडते. पेनाची किंमत धरूनच दोन मॉडेलांची तुलना करा. पेनासकट मिळणारा थोडा महाग लॅपटॉप शेवटी स्वस्त पडलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

चाचणी दुकानातच घ्या. पेंट किंवा वननोट उघडा आणि या चार गोष्टी करा.

• पट्टी किंवा मोबाइलची कड ठेवून तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ सरळ यायला हवी. ती सापासारखी नागमोडी आली तर त्या यंत्रावर चित्रकला विसरा. नोट्ससाठी थोडी वळवळ चालून जाते.

• तळहात पूर्ण टेकवून दोन ओळी मराठीत लिहा. शिरोरेषा ओढताना हात पडद्यावरून आडवा सरकतो, त्यामुळे तळहाताचा दोष देवनागरीत लगेच उघडा पडतो.

• भराभर सही करा. रेघ पेनाच्या किती मागे राहते ते दिसेल.

• पडद्याच्या चारही कोपऱ्यांत ठिपके काढा. कडेला पेनाचं टोक आणि ठिपका यांत अंतर पडत असेल तर ते रोज खुपेल.

४०९६ पातळ्यांचा दाब हा आकडा जवळजवळ सगळ्याच पेनांवर छापलेला असतो, त्यावरून काही ठरत नाही. पेन ठेवायची जागा मात्र बघा. लेनोवोच्या थिंकपॅड योगा मालिकेतल्या अनेक मॉडेलांत पेन अंगातच खुपसून ठेवता येतं आणि तिथेच चार्ज होतं. इतरांत ते चुंबकाने कडेला चिकटतं आणि बॅगेत सुटून पडतं. काही पेनांना एएएए मापाचा सेल लागतो. तो नेहमीच्या रिमोटच्या सेलपेक्षा बारीक असतो आणि गावच्या दुकानात सहसा मिळत नाही. यूएसबीवर चार्ज होणारं पेन त्यापेक्षा सोयीचं.

पायरी ४: हातात घेऊन बघा

वजन कागदावर वाचू नका, लॅपटॉप घडी करून डाव्या हातावर घ्या आणि उजव्या हाताने लिहून बघा. १३ इंची यंत्र साधारण सव्वा किलोचं असतं, १४ इंची दीड किलोच्या आसपास, आणि १६ इंची दोन किलोकडे झुकतं. दोन किलोचा टॅब्लेट कुणी हातात धरत नाही. घरी महिन्याभरात त्याची घडी होणं थांबतं आणि तो महाग साधा लॅपटॉप होऊन बसतो. म्हणून १५-१६ इंचांचा मोह टाळा. १४ इंच हे बहुतेकांना योग्य माप आहे. पडद्याचं प्रमाण १६:१० असेल तर उत्तम. १६:९ चा पडदा उभा धरला की फारच अरुंद आणि लांब होतो, पीडीएफचं पान त्यात बारीक दिसतं.

आता उजेड. टचचे पडदे जवळजवळ सगळेच चकचकीत असतात. दुकानाच्या एसीत ते झकास दिसतात, पण घरच्या सोप्यावर किंवा बाल्कांवात दुपारी बसलात की पडद्यात माडाचं झाड आणि तुमचा चेहरा दिसू लागतो. त्यासाठी पडद्याची प्रखरता बघावी लागते, ती निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा फक्त बंद खोलीसाठी. ३०० कामचलाऊ, ४०० आणि वर असेल तर बाहेर बसता येतं. लॅपटॉप दुकानाच्या दारापर्यंत नेऊन बघू द्या म्हणून आग्रह धरा. दुकानदार कुरकुरेल, पण नेऊ देतो. रंगांचं काम करणाऱ्यांनी तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' (म्हणजे फिके रंग) असं दिसलं की ते मॉडेल सोडावं. 'शंभर टक्के एसआरजीबी' हवं. ओलेड पडदे दिसायला देखणे असतात. परवडत असेल तर घ्या, पण त्यासाठी मेमरी कमी करू नका.

मग बिजागरी. या यंत्राचा जीव तिच्यातच असतो. लॅपटॉप टेबलावर नेहमीसारखा उघडा ठेवून पडद्यावर बोट टेकवा. पडदा डुलत राहिला तर टचचा उपयोग अर्धा झाला. टेंट मोडमध्ये उभा करून हलकेच टिचकी मारा, तो घसरता कामा नये. पूर्ण मागे वळवल्यावर दोन्ही बाजू समांतर बसतात का आणि कीबोर्ड आपोआप बंद होतो का, ते बघा. स्वस्त मॉडेलांत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या अंगात रोवलेले असतात, आणि दोनेक वर्षांत प्लास्टिक फाटून कोपरा उघडा पडतो. झाकण तरी धातूचं असलेलं मॉडेल मिळालं तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. घरी नेल्यावरही पडदा नेहमी मधोमध धरून उघडा. एका कोपऱ्याला धरून ओढला की सगळा ताण एकाच बिजागरीवर येतो.

बारीकसारीक: पॉवरचं बटण कडेला असेल तर घडी केल्यावर बोट लागून यंत्र झोपी जातं का, स्पीकर खाली असतील तर टेंट मोडमध्ये आवाज कुठे जातो, आणि गरम हवा बिजागरीच्या फटीतून निघत असेल तर घडीमध्ये ती फट झाकली जाते का, हे एकदा तपासा.

पायरी ५: आतलं सामान

मेमरी १६ जीबी घ्या. विंडोज ११ कागदावर ४ जीबीवर चालतं, ८ जीबीवर आजचं काम निभतं, पण यातली बरीच यंत्रं इतकी पातळ असतात की मेमरी बोर्डावरच पक्की केलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. "नंतर टाकून देऊ" असं विक्रेता म्हणाला तर नमुन्याच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'फॉर्म फॅक्टर' बघा. तिथे 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर मेमरी पक्की आहे, वाद संपला.

साठवणूक ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी असावी. ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवणूक) हा शब्द दिसला तर ते यंत्र विंडोजसाठी घेऊ नका, दोन वर्षांत ते रडकुंडीला आणेल. एसएसडी बहुतेक मॉडेलांत नंतर बदलता येते, त्यामुळे इथे थोडं कमी चालतं, मेमरीत चालत नाही.

प्रोसेसरच्या नावांत कंपन्यांनी मुद्दाम गोंधळ घातला आहे असंच वाटावं. दोन उदाहरणं पुरेत. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं सख्ख्या भावांची वाटतात. पण या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात झेन २ ची जुनी रचना आणि चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३ आणि सहा. इंटेलकडे 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' यांत असाच फरक आहे: कोअर ५ १२०यू हा आधीच्याच पिढीच्या रचनेवर नवं नाव घेऊन आला, अल्ट्रा ५ १२५यू ची रचना नवी आहे. याचा अर्थ जुना वाईट असा नाही. नोट्स, ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ कॉल यांना तो छान पुरतो, फक्त नव्याची किंमत देऊ नका. इंटेलचा एन-१०० सारखा एन मालिकेचा प्रोसेसर मात्र हलक्या कामापुरताच समजा.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारी विंडोजची यंत्रं थंड राहतात आणि बॅटरी भरपूर टिकवतात. तरी तुमचा जुना प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन आणि कॉलेजचं खास सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या.

मॉडेलचं नाव पाहून इंटरनेटवर परीक्षण वाचणार असाल तर सावध राहा. एचपीने २०२४ पासून ऑम्निबुक हे नाव आणलं, डेलने २०२५ च्या सुरुवातीला इन्स्पिरॉनसारखी नावं बाजूला ठेवायला घेतली, आणि जुना साठा अजून नव्याच्या शेजारी मांडलेला असतो. एकाच नावाखाली २५० निट्सचा आणि ४०० निट्सचा असे दोन पडदेही येतात. म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि तोच शोधा.

पायरी ६: बॅटरी, वीज आणि पाऊस

'१२ तास बॅकअप' या दाव्याला किंमत देऊ नका, बॅटरी किती वॉट-तासांची आहे ते विचारा. लिहिणं-वाचणं चालू असताना असं यंत्र साधारण ७ ते १० वॉट खातं, त्यामुळे ५० वॉट-तासांची बॅटरी पाच-सात तास देईल. १४ इंची यंत्रात ५५ च्या वर असेल तर चांगलं. चार्जिंग यूएसबी-सीवर होणारं घ्या. मूळ चार्जर गेला तर ६५ वॉटचा कुठलाही चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो, आणि तो म्हापशापासून मडगावपर्यंत कुठेही मिळतो.

पहिल्या पावसाबरोबर गोव्यात वीज लपंडाव खेळू लागते. लॅपटॉपला बॅटरी असल्याने वीज जाण्याने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते परत येताना बसणाऱ्या झटक्याने आणि गडगडाटात. स्पाइक गार्ड वापरा, आणि ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, तिथे धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं. तो सहसा यंत्राचा दोष नसून सॉकेटचा असतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, नाहीतर बॅटरीवरच लिहा.

दमट हवा आणि किनाऱ्याजवळचा खारा वारा हे त्याहून सावकाश काम करणारे शत्रू. न वापरता कपाटात ठेवलेला लॅपटॉप जून ते सप्टेंबरात सगळ्यात जास्त खराब होतो: बॅगेला बुरशी, यूएसबीच्या तोंडात हिरवट थर. रोज तासभर चालू ठेवला तर आतली ऊब त्याला कोरडं ठेवते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून सुकवा किंवा बदला. गंज आणि पाणी यांमुळे झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत, म्हणून हे सगळं.

पायरी ७: कुठे घ्यावा, आणि वॉरंटी

पणजीत अठरा जून रस्त्याच्या परिसरात, म्हापशात, मडगावात आणि फोंड्यात हात लावून बघायची सोय आहे. बघण्यासाठी तिथे जाच. किंमत ऑनलाइन ताडून पाहा आणि तोच आकडा दुकानात सांगा. पुष्कळदा ते जवळपास येतात, नाही आले तर पेन किंवा बॅग पदरात पाडून घ्या. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन विक्रीत भाव खरोखर उतरतात. कॉलेज सुरू व्हायच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती येतात, त्यांत पेन किंवा जादा वॉरंटी मिळते का ते बघा.

वॉरंटीचा प्रश्न गोव्यात दोन भागांत विचारावा. एक, ती ऑनसाइट आहे की यंत्र आपण केंद्रात न्यायचं? दोन, ऑनसाइट असेल तर माझ्या पिनकोडला माणूस येतो का? वाळपई, काणकोण किंवा पेडणे तालुक्यातल्या आतल्या गावाला पणजीइतकी सेवा मिळेल हे गृहीत धरू नका, कंपनीच्या हेल्पलाइनवर पिनकोड सांगून आधीच विचारा. दोन मॉडेलं सारखीच वाटत असतील तर ज्याचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ आहे ते घ्या.

अपघाती नुकसानीचं संरक्षण साध्या लॅपटॉपला मी एरवी सुचवत नाही. घडीच्या लॅपटॉपला सुचवतो. टचची काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे काचेला तडा गेला तरी बहुतेक वेळा संपूर्ण संच बदलावा लागतो, आणि त्या खर्चात जवळजवळ नवा टॅब्लेट येतो. हे संरक्षण खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतच मिळतं.

बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर असू द्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. गेस्ट हाउस किंवा धंद्यासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या, इनपुट क्रेडिटचा विचार तुमचा हिशेबनीस करील. तक्रार करूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आपल्याकडे आणखी एक वाट असते: आखातातला काका किंवा इंग्लंडमधली भावजय येताना घेऊन येते. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे दाबोळीला किंवा मोपाला त्याची अडचण येत नाही. पण त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे त्यांनी तिथे पैसे देण्याआधी तपासायला सांगा, कारण एकाच कंपनीतही हे मॉडेलप्रमाणे बदलतं. आखातातल्या कीबोर्डवर अरबी अक्षरं असतात आणि इंग्लंडच्या कीबोर्डवर काही चिन्हांच्या जागा वेगळ्या असतात, तेही चालणार का ते ठरवा.

पैसे कमी असतील तर कंपन्यांनी वापरून काढलेले धंदेवाईक लॅपटॉप नव्या स्वस्त यंत्रापेक्षा मला बरे वाटतात: थिंकपॅड एक्स-१ योगा, एल-१३ योगा, एचपीचे एलिटबुक एक्स-३६०, डेलचे लॅटिट्यूड टू-इन-वन. बिजागरी दणकट, कीबोर्ड सुरेख. अट एकच, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शक्य तर अकराव्या पिढीच्या खाली जाऊ नका. सहा महिने तरी विक्रेत्याची लेखी हमी घ्या.

पायरी ८: पहिला आठवडा

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. ती तुमच्या बिलाच्या आधीच सुरू दिसत असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. सोबत ऑफिस मिळालं असेल तर ते ठरावीक मुदतीत तुमच्या स्वतःच्या खात्यावर चालू करा, दुकानातल्या मुलाच्या ईमेलवर नको. विंडोज 'एस मोड'मध्ये (ज्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप बसतात) असेल तर त्यातून फुकट बाहेर पडता येतं, मात्र परत आत जाता येत नाही.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडता येतो, मग इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटतं. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये असते. यंत्र सतत टेबलावर प्लगला राहणार असेल तर ती चालू करा. टचपॅड वर उचललेला वाटू लागला किंवा घडी नीट मिटेनाशी झाली तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तेव्हा वापर थांबवून सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

जुनं यंत्र घेतलं असेल तर बॅटरीचा अहवाल पहिल्याच दिवशी काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबलं की अहवालाची फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांहून खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत विक्रेत्याकडून वळती करून घ्या.

परत करण्याची मुदत संपायच्या आत पेन रोज अर्धा तास वापरा, सगळ्या स्थितींत. पडद्यावर काचेचा स्क्रीन गार्ड लगेच लावू नका, काही गार्डांनी पेनाची अचूकता कमी होते. आणि पेनाची निब लिहून लिहून झिजते, तेव्हा जादा निबांचं पाकीट त्याच बिलात घालून घ्या. काही महिन्यांनी नेमकी तीच निब शोधायला गेलात तर ती ऑनलाइन मागवावी लागते.